दोनदा हललेलं चर्च

मागच्या वेळी आपण दगडी इमारतींवर बोललो होतो. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की दगडाचं ठीक आहे, पण लाकडाच्या इमारतीत ‘मूळ’ म्हणून काय धरायचं? लाकूड कुजतं, त्याला कीड लागते, छप्पर दर पिढीला बदलावं लागतं. मग ती इमारत तीनशे वर्षांची आहे असं म्हणायचं कशाच्या जोरावर? तेव्हा वेळ संपली होती, आणि खरं सांगायचं तर उत्तरही तयार नव्हतं. आज त्या प्रश्नासाठी आम्ही एकच इमारत घेतली आहे. ती प्रागमध्ये आहे. मूळची तिथली नाही. आणि २०२० साली ती जळाली.

पडद्यावरचं हे पहिलं चित्र आगीच्या आधीचं आहे. प्रागमध्ये व्लतावा नदीच्या डाव्या तीरावर पेत्रशिन नावाची टेकडी आहे. पर्यटक तिच्या उत्तरेकडच्या बाजूला जातात, तिथं निरीक्षण मनोरा आहे, चढायला रुळांवरची गाडी आहे. दक्षिणेकडे गेलं की चौदाव्या शतकातली एक तटबंदी लागते. लोक तिला ‘भुकेची भिंत’ म्हणतात; चौथ्या चार्ल्सने दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून ती बांधून घेतली अशी आख्यायिका आहे. त्या भिंतीपलीकडे किन्स्की घराण्याची बाग आहे, आणि बागेच्या उतारावर, झाडीत, हे काळपट लाकडी चर्च. संत मिखाएलचं, म्हणजे देवदूतांच्या सेनापतीचं. आग लागायच्या काही वर्षं आधी आम्ही तिथं गेलो होतो, तेव्हा दाराला कुलूप होतं. दोन फेऱ्या मारल्या, भिंतीच्या ओंडक्यांना हात लावून पाहिला, आणि परत आलो. हातातल्या पर्यटन-पुस्तिकेत दोन ओळी होत्या: सतराव्या शतकातलं लाकडी चर्च, १९२९ मध्ये कार्पेथियन प्रदेशातून इथं आणलं. आजचं आमचं बोलणं मुख्यतः या दोन ओळींच्या विरोधात आहे. त्यातलं काहीही चूक नाही. पण त्या ओळींमधून एक मधलं साल गळलं आहे, आणि ते साल गळलं की चर्च समजत नाही.

ते साल सांगण्याआधी इमारत पाहून घेऊ.

या जातीच्या चर्चला तिकडे त्सेर्क्वा म्हणतात. पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेतलं देऊळ. ते एका ओळीत मांडलेल्या तीन खोल्यांचं असतं. पश्चिमेला प्रवेशाची खोली, आपल्याकडच्या अर्धमंडपासारखी. पूर्वी गावातल्या बायका तिथं उभ्या राहायच्या आणि त्या भागाचं नावही त्यावरूनच पडलेलं आहे. मधे सभामंडप. पूर्वेला गाभारा. सभामंडप आणि गाभारा यांच्यामध्ये चित्रांची भिंत, आयकॉनोस्टॅसिस. तिच्यातल्या दारांमधून पुजारी आतबाहेर करतो. म्हणजे आडवा आराखडा आपल्याला अगदी ओळखीचा वाटावा असा. फरक उभ्या बाजूने आहे. तिन्ही खोल्यांवर आपापला मनोरा. प्रत्येक मनोरा टप्प्याटप्प्याने आत घेत नेलेला, आणि वर छोटा घुमट. बॉयको नावाच्या डोंगरी समाजाच्या कारागिरीशी या चर्चचं नातं जोडतात. घुमटांच्या फुगीर वळणात शहरी बरोक शैलीची सावली दिसते. ती शैली गावच्या सुताराने दगडात पाहिली आणि लाकडात उतरवली. ही गोष्ट आम्हाला फार आवडते. आपल्याकडे उलट झालं: लेण्यांमध्ये लाकडी तुळया आणि वासे दगडात कोरले, कार्ल्याच्या चैत्यात तर खरे लाकडी वासेसुद्धा अजून आहेत. असो, तो वेगळा विषय.

आता भिंत. ही भिंत खांबांवर उभी नाही. आडवे ओंडके एकावर एक रचत जायचे, आणि कोपऱ्यात दोन दिशांचे ओंडके खाचेत खाच घालून अडकवायचे. ओंडक्यांचं वजनच त्यांना जागेवर धरून ठेवतं. पाया म्हणजे खाली मांडलेले दगड. छपरावर आणि बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या भिंतींवरही फाडून काढलेल्या पातळ लाकडी कौलांचं आवरण. ही कौलं वीस-तीस वर्षांत जातात; कौलं गेली आणि कोणी लक्ष दिलं नाही की पाणी ओंडक्यांत शिरतं, आणि मग इमारतीचं आयुष्य भराभर संपतं. कार्पेथियन गावांत हे सगळ्यांना माहीत असायचं.

या बांधणीतून एक साधी गोष्ट निघते, आणि आमच्या मते या चर्चच्या वास्तुकलेतली तीच मुख्य गोष्ट आहे. जे खाचांवर उभं आहे ते सुटं करता येतं. ओंडक्यांवर खुणा करायच्या, वरून खाली उतरवत यायचं, गाड्यांवर लादायचं, आणि दुसऱ्या जागी खालून वर चढवत जायचं. कुजलेला ओंडका तेवढा बदलायचा. दगडी चर्च हलवणं हा पराक्रम असतो. लाकडी त्सेर्क्वा हलवणं हे सुतारकाम असतं.

आणि ती खूपदा हलवली जायची. गाव मोठं झालं, पैसा आला, दगडविटांचं नवं चर्च बांधायचं ठरलं, की जुनं लाकडी चर्च शेजारच्या गरीब गावाला विकायचे. कधी रोख, कधी माल घेऊन. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या द्रोहोबिचचं. द्रोहोबिच मिठागरांचं गाव. तिथलं संत युरीचं चर्च सतराव्या शतकाच्या मध्यात नादीयिव नावाच्या खेड्यातून मिठाच्या मोबदल्यात आणलं, असं परंपरेने सांगतात. नंतर त्याच्या आतल्या भिंती चित्रांनी भरल्या. २०१३ मध्ये युनेस्कोने पोलंड आणि युक्रेनमधल्या अशा सोळा त्सेर्क्वांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत द्रोहोबिचचं हे चर्च आहे. म्हणजे मिठाच्या बदल्यात आलेलं चर्च आज जागतिक वारसा आहे, आणि तिथं कोणी ‘हे मूळ जागी नाही’ असं म्हणत नाही. कारण त्या हलण्याला आता साडेतीनशे वर्षं झाली. आणखी एक उदाहरण, आजच्या स्लोव्हाकियातल्या हाबुरा गावाचं. तिथलं सुमारे १५०० सालचं चर्च १७४० मध्ये मालाʼ पोल्याना या छोट्या गावाला गेलं, आणि १९३५ मध्ये तिथून चेक प्रदेशातल्या ह्रादेत्स क्रालोवे शहराच्या बागेत. हाबुरा गावाने अलीकडे स्वतःसाठी त्याची एक प्रतिकृती बांधून घेतली.

आता आपलं गळलेलं साल. १७९३.

पेत्रशिनवरचं चर्च सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुकाचेवो शहराजवळ वेलिकी लुच्की या गावात बांधलं गेलं. १७९३ मध्ये ते मेद्वेदिव्त्सी नावाच्या गावात गेलं. तेही मुकाचेवोच्याच आसपासचं. तेव्हा हा मुलूख हंगेरीच्या राज्यात, हाब्सबुर्गांच्या साम्राज्यात होता. मेद्वेदिव्त्सीत ते १९२९ पर्यंत राहिलं, म्हणजे एकशे छत्तीस वर्षं. हिशेब करा: प्रागमध्ये ते जळेपर्यंत एक्याण्णव वर्षं होतं. मेद्वेदिव्त्सीत त्याहून जास्त. पण पुस्तिकेतल्या दोन ओळींत मेद्वेदिव्त्सीचा मुक्काम येतच नाही, आला तर ‘मूळ गाव’ म्हणून येतो, आणि ते तर मूळ गावही नव्हे.

या गळतीमुळे काय बिघडतं? वाचणाऱ्याच्या मनात अशी गोष्ट तयार होते: एक चर्च होतं, डोंगरात, शतकानुशतकं एका जागी, काळ जणू थांबलेला. मग आधुनिक जग आलं आणि त्याला उचलून शहरात ठेवलं. आता तुम्ही चांगले असाल तर म्हणाल की वाचवलं, टीकाकार असाल तर म्हणाल की उपटलं. आमचं म्हणणं, दोन्ही माणसं एकाच चुकीच्या चित्रावर भांडताहेत. हे चर्च कधीच एका जागी थांबलेलं नव्हतं. ते प्रागला पोचायच्या आधीच एकदा सुटं झालेलं होतं, खाचा नव्याने बसवलेल्या होत्या, काही ओंडके बदललेले असणार, आणि तेव्हा कोणालाही त्यात ‘वारसा’ गेल्यासारखं वाटलं नव्हतं. १७९३ मधल्या गावकऱ्यांना हवं होतं डोक्यावर छप्पर असलेलं देऊळ, लग्नं लावायला, बाळांना न्हाऊमाखू घालून आणायला, मेलेल्यांसाठी घंटा वाजवायला.

इथं थांबून एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की आम्ही खेड्याची आरती ओवाळतो आहोत. गावाचं हलवणं काही निर्मळ नव्हतं. विकणारा भाव करायचा, घेणारा आपल्या जागेला बसेल तसं कापून घ्यायचा, जुनी चित्रं कोणाला नको असली तर ती आतल्या खोलीत किंवा माळ्यावर जायची. आज संग्रहालयवाला ज्याला गुन्हा म्हणेल अशा गोष्टी सुताराने सहज केल्या. आणि तरीही, हा ‘तरीही’ आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, १७९३ च्या हलण्यानंतर ते चर्चच राहिलं. १९२९ नंतर ते आधी नमुना झालं.

१९२९ कडे कसं पोचलो ते बघू. १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया नावाचं नवं राष्ट्र तयार झालं. १९१९ च्या सॅं-जेर्में तहाने कार्पेथियन पायथ्याचा हा प्रदेश, जिथं रुसिन लोक राहतात, स्वायत्ततेचं आश्वासन देऊन त्या राष्ट्राला जोडला गेला. प्रागहून शिक्षक, अभियंते, अधिकारी तिकडे गेले. त्यांत फ्लोरियान झापलेताल नावाचे एक चेक गृहस्थ होते. उझहोरोदला प्रशासनात असताना १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गावोगावी फिरून लाकडी त्सेर्क्वांची छायाचित्रं काढली. त्यांचं मोठं पुस्तक मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९८२ मध्ये व्हिएन्नात निघालं. झापलेतालांनी टिपलेल्या इमारतींपैकी कितीतरी आज नाहीत. एवढ्या एका कारणासाठी तरी त्या प्रागच्या उत्साहाचे आपण ऋणी आहोत.

पण हा उत्साह काही फक्त कॅमेऱ्यापुरता राहिला नाही. राष्ट्राला आपल्या पूर्वेकडच्या टोकाची एक वस्तू राजधानीत हवी होती. किन्स्कीच्या वाड्यात तेव्हा लोकसंस्कृतीचं संग्रहालय होतंच, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीपासून. स्टॉकहोममध्ये १८९१ साली आर्तुर हाझेलियुसने स्कान्सेन हे खुलं संग्रहालय उघडलं होतं, जिथं देशभरातली घरं उचलून आणून मांडली होती. त्याची हवा सगळ्या युरोपात होती. मग मिखाएलचं चर्च प्रागला भेट म्हणून आलं. १९२७ ते १९३६ या काळात अशी रांगच लागली. पेत्रशिन १९२९, दोब्रिकोव्ह आणि नोव्हा पाका १९३०, कुन्चित्से १९३१, ह्रादेत्स क्रालोवे १९३५, ब्लान्स्को १९३६. त्याआधी १९२७ मध्ये कोझुखोव्त्सेचं चर्च कोशित्सेच्या संग्रहालयात गेलं होतं.

‘भेट’ या शब्दापाशी आम्ही जरा अडतो. मीठ देऊन घेतलेल्या चर्चचं मोल दोन्ही गावांना कळलेलं असतं: एकाला मीठ हवं होतं, दुसऱ्याला देऊळ. भेटीत घेणाऱ्याला त्या वस्तूची तशी गरज नसते. प्रागमध्ये चर्चांची काही टंचाई नव्हती. प्रागला हवं होतं ते राष्ट्राच्या रुंदीचं चिन्ह, पश्चिमेकडच्या बोहेमियापासून पूर्वेच्या डोंगरांपर्यंत आपण एक आहोत असं दाखवणारं. आणि ते राष्ट्र वीस वर्षंसुद्धा धड टिकलं नाही. १९३९ मध्ये हंगेरीने हा प्रदेश घेतला, १९४५ च्या करारानंतर तो सोव्हिएत युनियनकडे गेला, १९९१ पासून तो युक्रेनमध्ये आहे. ज्या नात्याची खूण म्हणून चर्च आणलं ते नातं गेलं, खूण बागेत राहिली. आम्हाला त्या कुलूपबंद दारासमोर उभं असताना हेच जाणवलं असं म्हणालो तर खोटं होईल; तेव्हा फक्त पाय दुखत होते. हे नंतर नकाशे समोर ठेवून बसल्यावर सुचलं.

आता उलट बाजू. त्या गावांतच राहिलेल्या चर्चांचं काय झालं? १९४९ मध्ये सोव्हिएत सत्तेने या भागातलं ग्रीक कॅथलिक चर्च बेकायदा ठरवलं, त्याची देवळं ऑर्थोडॉक्स चर्चकडे गेली किंवा बंद पडली. बंद पडलेल्या लाकडी इमारतीचं काय होतं ते आपण मघाशी बोललो, कौलं गेली की दोन-तीन दशकांचा प्रश्न. म्हणजे प्रागने ते नेलं नसतं तर ते वाचलं असतं असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. आम्हीही नाही. टीका करणाऱ्याने एवढं पदरात घेऊनच पुढे जावं.

मघाशी ‘ग्रीक कॅथलिक’ म्हणालो आणि सुरुवातीला ‘पूर्वेकडची परंपरा’. तुमच्यापैकी काहींच्या कपाळावर आठी दिसते आहे. तर हे चर्च ऑर्थोडॉक्स की नाही? १६४६ मध्ये उझहोरोदच्या किल्ल्यात या भागातल्या काही ऑर्थोडॉक्स पुजाऱ्यांनी रोमच्या पोपचं वर्चस्व मान्य केलं. पूजेची पद्धत, भाषा, विवाहित पुजारी, चित्रभिंत, सगळं पूर्वीचंच. फक्त वरचा मालक बदलला. ही ‘एकी’ गावोगावी पोचायला पुढची अनेक दशकं गेली, आणि आपलं चर्च बांधलं गेलं ते नेमकं त्याच धामधुमीत. त्यामुळे पहिला ओंडका बसवला तेव्हा वेलिकी लुच्कीचा पुजारी स्वतःला काय म्हणवत होता यावर इमारतीकडे पाहून काही सांगता येत नाही. इमारतीच्या दृष्टीने तो प्रश्नच उद्भवत नाही. तीन खोल्या, तीन मनोरे आणि चित्रभिंत दोघांचीही तीच. पुढे प्रागमध्ये तिथं ऑर्थोडॉक्स पूजा होऊ लागली. म्हणून पुस्तिकेत ‘ऑर्थोडॉक्स चर्च’ असं लिहिलेलं असतं, आणि आजच्या वापरापुरतं ते बरोबरच आहे. पण कोणी तो शब्द मागे सतराव्या शतकापर्यंत ताणायला लागला, किंवा उलट ‘छे, हे तर कॅथलिक’ म्हणून भांडायला लागला, तर त्याने आधी चित्रभिंतीसमोर उभं राहावं.

त्याच लाटेत हललेल्या बाकीच्या चर्चांशी तुलना केली की आमचा मुद्दा जास्त स्पष्ट होतो. दोब्रिकोव्ह हे बोहेमियातलं छोटं गाव. तिथं १६६९ सालचं वेलिका कोपान्या गावचं चर्च आलं आणि रोमन कॅथलिक गावचर्च झालं. नोव्हा पाका आणि ब्लान्स्कोमध्ये चेकोस्लोव्हाक हुसाइट चर्चने ती इमारत वापरायला घेतली, म्हणजे विसाव्या शतकात रोमपासून फुटून निघालेला पंथ पूर्वेच्या देवळात शिरला. वास्तुकलेच्या शुद्धतेचा विचार केला तर ही गडबडच आहे. गाभारा चित्रभिंतीने झाकायचा ही एक कल्पना, आणि सगळ्यांना दिसेल असं वेदीवर करायचं ही दुसरी. एकीसाठी बांधलेल्या खोलीत दुसरी बसवली की कुठंतरी अवघडतं. संग्रहालयाच्या हिशेबाने पेत्रशिन या सगळ्यांत सरस, कारण तिथं आतली मांडणी त्याच परंपरेला धरून राहिली. आमच्या हिशेबाने मात्र दोब्रिकोव्ह १७९३ च्या जास्त जवळ आहे. तिथं एका गावाला देऊळ पाहिजे होतं. कौल फुटलं तर ते कोणाचं तरी कौल फुटलेलं असतं.

वास्तुजतनाच्या नियमांत या सगळ्याला जागा कुठं आहे? १९६४ ची व्हेनिसची सनद. तिचं सातवं कलम सांगतं की स्मारक त्याच्या इतिहासापासून आणि परिसरापासून वेगळं करता येत नाही. हलवायचं तर ते वाचवण्यासाठी अगदीच गरज असेल किंवा तसंच मोठं राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय कारण असेल तरच. दगडी कथीड्रलसाठी हा नियम उत्तम. पण ज्या इमारतीचा इतिहासच हलण्याचा आहे, तिला ‘इतिहासापासून वेगळं करू नका’ म्हणजे काय? १९९४ च्या नारा दस्तऐवजाने हे थोडं सैल केलं. अस्सलपणा प्रत्येक संस्कृतीच्या आपल्या मापाने मोजावा असं त्यात आलं, आणि जपानी लाकडी देवळांचा अनुभव त्याच्या मागे होता. कार्पेथियनसाठी तो दस्तऐवज कामाचा आहे, पण सावधपणे. ‘आमच्याकडे हलवतातच’ असं म्हणून कोणीही काहीही उचलून न्यायला त्याचा आधार घेऊ नये. प्रश्न उरतोच: कोणी हलवलं, आणि कशासाठी.

या प्रश्नाला एकाच इमारतीत दोन वेगळी उत्तरं मिळालेली बघायची असतील तर शेलेस्तोवोचं चर्च घ्या. पुढचं चित्र. १७७७ सालचं, पुन्हा संत मिखाएलचंच, लेमको पद्धतीचं. पश्चिमेचा मनोरा उंच आणि मग पूर्वेकडे उतरत गेलेलं. लाकडात इतकं डौलदार काम फार थोडं असेल. १९२७ मध्ये ते मुकाचेवोला हलवलं, आणि १९७४ मध्ये सोव्हिएत काळात उझहोरोदच्या लोकवास्तू संग्रहालयात. म्हणजे हेही दोनदा हललेलं, दोन्ही वेळा विसाव्या शतकातच, आणि शेवटी किल्ल्याच्या पायथ्याशी एक प्रदर्शनीय वस्तू म्हणून उभं राहिलं. सोव्हिएत सत्ता गेल्यावर तिथं पुन्हा पूजा सुरू झाली. ज्यांनी ते ‘नमुना’ म्हणून आणलं त्यांना हे अभिप्रेत नव्हतं. आसपासच्या लोकांनी ते परत चर्च म्हणून घेतलं.

आपल्याकडे पुण्यात केळकर संग्रहालयात मस्तानी महाल आहे. कोथरूडच्या वाड्याचं लाकूड दिनकर केळकरांनी आणून तिथं पुन्हा उभं केलं. आम्ही लहानपणापासून ते पाहतोय, आणि कधीही असं वाटलं नाही की यात काही हरवलं आहे. कारण ते न आणतं तर ते लाकूड सरपणात किंवा जुन्या बाजारात गेलं असतं. अजूनही जाताहेत. पेठांतले वाडे पडतात, खांब आणि दारं शेतघरांच्या दिवाणखान्यांत जातात. त्यातल्या एका खांबाला आम्ही एका जेवणावळीत टेकून बसलो होतो. तो खांब कुठल्या पेठेतला हे यजमानांना माहीत नव्हतं, आणि त्यांना ते विचारावंसंही वाटलं नव्हतं. पेत्रशिनच्या पुस्तिकेत १७९३ गळतं, आणि इथं पेठ गळते.

आता आग. २८ ऑक्टोबर २०२०. चेक लोकांचा राष्ट्रीय दिवस, १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाची घोषणा झाली तो दिवस. ज्या राष्ट्राची खूण म्हणून ते आणलं होतं त्याच्या वाढदिवशीच ते पेटलं. यात योगायोगापलीकडे काही शोधू नका, आम्हीही शोधत नाही, पण प्रागमध्ये त्या दिवशी ते कोणाच्याही लक्षातून सुटलं नाही. छप्पर आणि मनोरे गेले. खालच्या भिंतींचे काळे ठिक्कर ओंडके काही भागात उभे राहिले. हे पडद्यावर बघा: खाचा अजून एकमेकांत अडकलेल्या दिसतात.

प्राग शहराने ते पुन्हा उभं करायचं ठरवलं. ठरताच जुना प्रश्न परत आला: नवं लाकूड घातलेलं चर्च सतराव्या शतकाचं राहील का? त्यावर वर्तमानपत्री उत्तर दोन प्रकारचं. एक, आता ती प्रतिकृती. दोन, कारागीर जुन्याच हत्यारांनी काम करणार म्हणजे ती अस्सलच. आम्हाला दोन्ही उत्तरं उथळ वाटतात. पहिल्यात असं गृहीत धरलं आहे की २०२० पर्यंत ते सगळंच सतराव्या शतकातलं लाकूड होतं. तसं असणं शक्यच नाही. कौलं तर अनेकदा बदलली होती, आणि दोनदा सुटं केलेल्या इमारतीत कुजका ओंडका कोणी परत बसवत नाही. दुसऱ्यात सगळा भार कुऱ्हाडीवर टाकलेला आहे. कुऱ्हाडीने तासलेल्या ओंडक्याचा पृष्ठभाग करवतीने कापलेल्यापेक्षा पाणी चांगलं झटकतो, म्हणून हाताने तासायला आमची मनापासून संमती आहे. पण १७९३ च्या सुताराने कुऱ्हाड अस्सलपणासाठी वापरली नव्हती, त्याच्याकडे तेवढीच होती.

मग आमचं माप कोणतं? आम्ही विचारू: पुन्हा उभ्या राहिलेल्या इमारतीची कौलं वीस वर्षांनी कोण बदलणार? कोणाला ते आधी कळणार, खर्चाच्या यादीत पाहून की आत डोक्यावर थेंब पडल्यावर? आगीच्या आधी तिथं ऑर्थोडॉक्स पूजा होत होती, म्हणजे थेंब पडल्यावर वर बघणारी माणसं होती. ती परत आली, त्यांना किल्ली मिळाली, तर हे १७९३ सारखं तिसरं हलणं ठरेल, जागा न सोडता झालेलं. आणि ते आतून नुसतं रोषणाईने पाहायचं ठिकाण झालं, तर जुने ओंडके कितीही शिल्लक असोत, ते १९२९ चंच पुढचं पान. गावात असतं तर जळलं नसतं, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. गावातली लाकडी चर्चं मेणबत्त्यांनी, विजेने, लढायांनी भरपूर जळालेली आहेत. द्रोहोबिचला मीठ देऊन चर्च आणावं लागलं तेही आधीचं जळालं होतं म्हणून, असं सांगतात.

एक छोटी मागणी आमची आहे, आणि ती कोणी प्रागला कळवली तर बरंच. नवा फलक लागेल तेव्हा त्यावर तिन्ही नावं असावीत, त्याच क्रमाने: वेलिकी लुच्की, मेद्वेदिव्त्सी, प्राग. प्रत्येकापुढे वर्षं. मधलं नाव उच्चारायला अवघड आहे, आम्हालाच तयारी करताना चार वेळा अडखळायला झालं. तरी ते असू दे. आता दिवे लावा, आणि मागच्या वेळच्या त्या श्रोत्या आल्या असतील तर पहिला प्रश्न त्यांचाच घेऊ.